कपाळाची कातडी आणि रेशमाचा पीळ

पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आमंत्रणावरून जेम्स वेल्स नावाचा एक स्कॉटिश चित्रकार 1792 मध्ये पुण्यास येऊन राहिला, आणि 1795 मध्ये त्याचा अंत झाला तोवरच्या अल्प काळात त्याने जी कामे हाती घेतली त्यांतील तीन अशी आहेत की, वरवर पाहणाऱ्यास त्यांचा परस्परांशी कसलाही संबंध दिसू नये. पहिले काम होते टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे आणि कंपनी सरकार यांच्यात 1790 मध्ये झालेल्या तहनाम्याच्या दरबाराचे. वेल्सने त्यासाठी माणसांची रेखाटने जमविली आणि त्याच्या पश्चात थॉमस डॅनिएल याने 1805 मध्ये ते भव्य चित्र पुरे केले. दुसरे काम वेरूळच्या लेण्यांचे. ती चित्रेही डॅनिएलनेच 1803 मध्ये चोवीस दृश्यांच्या ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या ग्रंथाच्या लांबलचक मथळ्यात ‘दख्खनमधील औरंगाबादेजवळचा डोंगर’ असा आजच्या छत्रपती संभाजीनगरचा उल्लेख विलायतेच्या वाचकांपुढे गेला. तिसरे काम आकाराने सर्वांत लहान, परंतु कीर्तीने सर्वांत दूर पोहोचलेले: कावसजी नावाच्या एका बैलवाल्याचे व्यक्तिचित्र, ज्याच्या चेहऱ्यावर मनुष्याच्या हाताने दुसऱ्यांदा बनविलेले नाक होते.

या तिन्ही कामांना जोडणारा धागा राजकारणाचा आहे. तहनाम्यान्वये पुण्याची, निजामाची आणि कंपनीची अशा तीन फौजा म्हैसूरच्या मुलखात उतरल्या, आणि त्या काळची कोणतीही स्वारी ही तोफांइतकीच बैलांच्या पाठीवर चालत असल्यामुळे, दाणागोटा व दारूगोळा वाहणारे हजारो बैलवाले फौजेच्या मागेपुढे चालू लागले. त्यांच्यापैकी कावसजी हा जातीने मराठा कुणबी असल्याची नोंद इंग्रजी कागदांत आहे. नाव मात्र तेथे पारशी वळणाने लिहिले गेले असून मूळ नाव कावजी असावे, असे मला वाटते. तो टिपूच्या हाती सापडला, आणि त्याचे नाक व एक हात तोडून त्याला सोडून देण्यात आले. अशा शिक्षेमागे क्रौर्याबरोबर हिशेबही असावा. कारण नाक तुटलेला एक बैलवाला छावणीत परत गेला की उरलेल्यांना पुढच्या मजलेस निघण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागे, आणि रसद थांबली म्हणजे फौज थांबे. कावसजी मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, कंपनी सरकारने त्यास पेन्शन बांधून दिले, आणि वर्षाहून अधिक काळ नाकाविना काढल्यावर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले.

या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर 1794 च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात छापून आले, आणि ही कृती मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोघा वैद्यांनी प्रत्यक्ष पाहिल्याचेही त्यात नमूद होते. ती कृती सावकाश सांगण्याजोगी आहे. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवून त्यास सुबक नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. रेघेच्या आतली कातडी सोडवून घ्यावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच राखावयाची. बुडख्यावरचा जुना व्रण छाटून, नाकपुड्यांच्या व वरच्या ओठाच्या रेषेत चीर पाडून, कपाळाची कातडी खाली आणताना तिला अर्धा पीळ द्यावयाचा आणि तिची कड त्या चिरेत बसवावयाची. सांधा पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या एकावर एक पाचसहा लावीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेली फडकी ठेवीत. रोग्याने पाचसहा दिवस उताणे पडून राहावयाचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती आत घालावयाच्या, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, नवी कातडी नव्या जागी रुजली असे दिसल्यावर, ती अरुंद पट्टी कापून टाकावयाची.

सर्व शहाणपण त्या न कापलेल्या पट्टीत आहे. वनस्पतीच्या पानास जसा देठ, तशी ती; तिच्यातून कपाळाचे रक्त नव्या नाकास पोहोचते, आणि खालच्या जागेतून नवे रक्त सुरू होईपर्यंत ती कातडी आपल्या मूळ घराचे अन्न खाऊन जिवंत राहते. भुवयांच्या मधून कपाळाकडे चढणाऱ्या रक्तवाहिन्या नेमक्या याच जागी असतात, ही गोष्ट शरीरशास्त्राच्या कोणत्याही पोथीवाचून त्या कारागिरास ठाऊक होती. मेणाने आकार दिला, देठाने पोषण दिले, आणि चिरेने मांसास कोठे चिकटावे ते सांगितले. पुढच्या दोन शतकांत या विद्येने जे जे केले ते या तिहींपैकी कशाचा तरी पर्याय शोधणे होय, असे माझे मत आहे.

नाक जोडण्याचा विधी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. नाकाएवढे पान मापून घेऊन तेवढे मांस गालावरून देठासह सोडवावे, दोन नळ्या बसवून नाक उचलून धरावे, आणि वर पतंग, यष्टिमधु व रसांजन यांचे चूर्ण भुरभुरावे, असे तेथे सांगितले आहे. परंतु सुश्रुत गालाची कातडी घेतो आणि पुण्याचा कारागीर कपाळाची. सुश्रुताजवळ पानाचे माप आहे आणि याच्याजवळ मेणाचे. म्हणजे पोथी आणि हात यांच्यामध्ये केव्हातरी कोणीतरी विचार करून फेरफार केला, आणि तो करणारे पंडित नव्हते. शवास व रक्तास स्पर्श करण्याचा विटाळ मानणाऱ्या समाजात शस्त्रकर्म वैद्यांच्या हातून निसटले व कुंभारादी कारागिरांच्या घराण्यांत जाऊन राहिले, बापाने मुलास दाखविले तेवढेच टिकले, आणि ज्यांनी ते टिकविले त्यांची नावे ना पेशवे दफ्तराने नोंदली ना इंग्रजांनी. मासिकाने वैद्यांची नावे छापली, रोग्याचे छापले. करणाऱ्याची मात्र जात तेवढी छापली.

आणखी एक अप्रिय गोष्ट येथेच सांगून टाकलेली बरी. ही विद्या या देशात जगली याचे कारण नाक कापण्याची चालही या देशात जगली. व्यभिचाराच्या संशयावरून बायकांची, चोरीवरून नोकरांची, आणि लढाईत परमुलखातल्या रयतेची नाके कापली जात. मागणी होती म्हणून कसब होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही काठेवाडात कादू मकराणी नावाचा बंडखोर नाके कापीत हिंडत होता, आणि जुनागढ संस्थानचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनी अवघ्या चार वर्षांत शंभरावर नाके जोडून 1889 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. क्रौर्याच्या पाठोपाठ कौशल्य चालत आले, यात कोणाला शोभा वाटत असेल तर त्याने ती खुशाल मानावी.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ते वर्णन वाचले, वर्षानुवर्षे प्रेतांवर सराव केला, आणि योग्य रोगी मिळताच 1814 च्या ऑक्टोबरात पहिली शस्त्रक्रिया केली. दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा त्याचा वृत्तांत 1816 मध्ये छापला गेला. तेव्हा भूल देण्याची युक्ती निघालेली नव्हती. तेथून ही पद्धत जर्मनीत व पुढे साऱ्या युरोपात गेली, आणि ‘भारतीय पद्धत’ याच नावाने शल्यशास्त्राच्या ग्रंथांत स्थिरावली.

पण देठाची एक अडचण होती: तो जेवढा लांब तेवढीच कातडी दूर जाऊ शकते. देठ तोडून मांस पूर्णपणे अलग केले तर ते मरते, असाच सर्वांचा अनुभव होता. 1869 मध्ये झाक रेव्हरदाँ या तरुण डॉक्टराने पॅरिसमध्ये दाखविले की, कातडीचा तुकडा पुरेसा लहान व पातळ असेल तर तो देठाशिवायही जगतो. आधीचे दोनएक दिवस तो जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर निभावतो आणि तेवढ्यात खालच्या केशवाहिन्या त्याच्यात शिरतात. जाड तुकड्याच्या मध्यभागी तो द्रव पोहोचत नाही व मध्यभाग सडतो. रक्तवाहिनीपासून केसाच्या दोनतीन जाडींपलीकडे पेशी फार काळ तग धरत नाही, हा जो हिशेब आज प्रयोगशाळेत ऊती बनविणाऱ्यांच्या वाटेत प्रत्येक वेळी आडवा येतो, तो रेव्हरदाँच्या रोग्यांच्या जखमांतच प्रथम उमगू लागला होता.

पुढची पायरी म्हणजे पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जगविणे. अमेरिकेत रॉस हॅरिसन याने 1907 मध्ये बेडकाच्या गर्भातील चेतातंतू भांड्यात वाढताना पाहिला, आणि त्यानंतर ही कला हळूहळू साऱ्या जगात पसरली. आपल्याकडे तिला स्वतंत्र घर मिळवून देण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांचे आहे. 1917 साली पुण्यास जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकविणाऱ्या दिनकर समर्थ यांच्या या कन्येने मुंबईस डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगावर संशोधन करून 1949 मध्ये विद्यावाचस्पती पदवी मिळविली. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी ज्याने प्रथम अखंड वाढविल्या तोच हा गाय. परत आल्यावर रणदिवेबाईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशी वाढविण्यास शुद्ध पाणी, निर्जंतुक हवा, योग्य ऊब आणि अहोरात्र पहारा लागतो, आणि यांपैकी एकही गोष्ट तेव्हाच्या मुंबईत गृहीत धरण्याजोगी नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाचे मोल कळते. 1986 मध्ये पुण्यात प्राणिपेशींच्या संवर्धनासाठी जी राष्ट्रीय संस्था निघाली आणि जी आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते, तिच्यामागे ही पूर्वपीठिका आहे.

भांड्यात वाढलेल्या पेशींतून वापरण्याजोगी ऊती होईलच असे नाही. कातडीचा खालचा थर, कूर्चा, हाड, स्नायूस हाडाशी बांधणारी कंडरा, हाडास हाडाशी बांधणारा अस्थिबंध, या सर्वांस शास्त्रात संयोजी ऊती म्हणतात. त्यांत पेशी थोड्या आणि त्या पेशींनी स्वतःभोवती विणलेले कोलॅजनादी द्रव्य फार. कावसजीच्या नव्या नाकात हीच उणीव होती: कातडी होती, आत कूर्चा नव्हती, आणि आधारावाचून असे नाक कालांतराने आकसण्याची भीती असते. मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन याने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात दाखविले की, अस्थिमज्जेतील काही पेशी भांड्याच्या तळास चिकटून वसाहती करतात व योग्य परिस्थितीत हाड बनवितात. 1991 मध्ये आर्नल्ड कॅप्लन या अमेरिकन संशोधकाने त्यांना मूलपेशी हे नाव दिले, आणि कूर्चा, हाड, मेद यांपैकी काहीही होण्याची त्यांची क्षमता 1999 पर्यंत सिद्ध झाली.

मात्र त्यांना हवी ती दिशा द्यावी कशी, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर एका जागी नाही. काही रासायनिक हुकूम आहेत: पेशी दाटीने एकत्र ठेवून विशिष्ट वृद्धिघटक दिला की त्या कूर्चेच्या वाटेस लागतात, संयोजी ऊतीच्या दुसऱ्या एका वृद्धिघटकाने त्यांस कोलॅजन विणणाऱ्या तंतुपेशी बनविता येते, असे 2010 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखविले. परंतु हुकूम मानूनही पेशी पुढे आपली वाट चालतात. कूर्चा म्हणून वाढविलेल्या मूलपेशी फुगून अखेर हाडाकडे झुकतात, आणि हा दोष अजून पुरता गेलेला नाही. 2006 मध्ये तर असे दिसले की, पेशीखालचा पृष्ठभाग किती मऊ वा ताठ आहे यावरूनही तिचे भवितव्य ठरते: मेंदूसारख्या मऊ थरावर ती चेतापेशीसारखी, स्नायूसारख्या मध्यम थरावर स्नायुपेशीसारखी, आणि ताठ थरावर अस्थिपेशीसारखी वागू लागते.

येथे छत्रपती संभाजीनगरचा संबंध पुन्हा येतो, आणि तो अनपेक्षित आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये वसविलेल्या खडकीचे औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, आणि दरबारी पोशाखाच्या मागणीवर येथे हिमरूचा धंदा भरभराटीस आला. त्यात ताणा सुताचा आणि बाणा रेशमाचा. जिल्ह्यातच पैठण, तेथे रेशमाची व जरीची पैठणी. कोषातून निघालेल्या रेशमाच्या तंतूवर एक चिकट आवरण असते. साबण व सोडा घातलेल्या पाण्यात तंतू उकळून ते काढल्यावाचून रेशमास झळाळी येत नाही व रंगही नीट चढत नाही, हे येथल्या रंगाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड कॅप्लन व ग्रेगरी ऑल्टमन यांनी 2002 च्या सुमारास गुडघ्यातील अस्थिबंध बनविण्यासाठी हाच तुतीचा रेशीमतंतू घेतला, हेच आवरण उकळून काढले, कारण शरीरात होणाऱ्या प्रतिक्रियेस ते बरेचसे जबाबदार असते, आणि उरलेल्या तंतूंना पिळावर पीळ देऊन दोरी वळली. त्या दोरीवर मनुष्याच्या अस्थिमज्जेतील पेशी पसरल्या आणि वाढल्या. त्याच मंडळींनी दुसऱ्या प्रयोगात पेशी मऊ द्रव्यात ठेवून त्यास यंत्राने ताण व पीळ दिला, तेव्हा कोणताही वृद्धिघटक न घालता त्या अस्थिबंधाच्या पेशींप्रमाणे वागू लागल्या. आणि ओढीने दिशा मिळते, हे सिद्ध झाले. तुतीची लागवड आज मराठवाड्यात बीड, जालना व संभाजीनगर या जिल्ह्यांत शेतकरी उत्साहाने करतात, आणि पूर्वी कोष विकण्यास कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे ते जालन्यात बाजारपेठ निघाल्यामुळे काहीसे टळले आहे. हे रेशीम रुग्णालयात जाते असे नव्हे; ते साडीतच जाते, आणि ते योग्यच आहे.

नाकाच्या इतिहासात 2014 साल विशेष आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्वचेच्या कर्करोगामुळे नाकपुडी गमावलेल्या पाच वृद्ध रोग्यांच्या नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा बारीक तुकडा घेऊन त्यातील पेशी वाढविण्यात आल्या, कोलॅजनच्या पडद्यावर त्यांच्याकडून कूर्चा बनवून घेण्यात आली, आणि ती कापून आकार देऊन नाकपुडीच्या जागी बसविण्यात आली. या मूलपेशी नव्हत्या, जात्या कूर्चेच्याच पेशी होत्या, म्हणून वाट चुकण्याचा धोका कमी होता. आणि त्या नव्या कूर्चेवर पांघरूण म्हणून जी कातडी वापरली ती काही रोग्यांत कपाळाची होती, देठासह खाली वळविलेली. एकविसाव्या शतकाच्या अद्ययावत प्रयोगशाळेस पुण्याच्या कारागिराच्या पद्धतीस पर्याय सापडला नव्हता, किंबहुना त्याची गरजच भासली नव्हती.

आपल्याकडे मूलपेशींच्या नावावर जो व्यापार चालतो त्याविषयी चार शब्द कठोरपणे सांगणे भाग आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मूलपेशींचे ठरावीक आजारांतील रोपण सोडल्यास मूलपेशींचे अन्य उपचार संशोधनाच्या सदरात मोडतात, आणि संशोधनाचे पैसे रोग्याकडून घेणे निषिद्ध आहे. त्याच वर्षी देशाच्या औषध नियंत्रकांनी रोग्याच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात सोडण्याच्या एका मुंबईकर कंपनीच्या उपचारास मान्यता दिली. पण तोही मूलपेशींचा उपचार नव्हे. तरीही लहानमोठ्या शहरांत गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सर्वांवर मूलपेशींची सुई टोचून देण्याच्या जाहिराती झळकतात. ज्याने या पेशींना ते नाव दिले त्या आर्नल्ड कॅप्लननेच 2017 मध्ये, या पेशी शरीरात गेल्यावर नवी ऊती बनविण्यापेक्षा औषधी द्रव्ये स्रवण्याचे काम अधिक करतात, म्हणून हे नाव आता सोडावे, असे लिहिले. जाहिरातवाल्यांच्या कानी ते गेलेले दिसत नाही.

औरंगाबादेस चेहरा सांधण्याची ही विद्या प्रत्यक्ष लोकांपर्यंत पोहोचविली ती मात्र सुईने नव्हे, शिबिरांनी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे डॉ. शरदकुमार दीक्षित हे 1968 पासून भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या, पडलेल्या पापण्यांच्या व चेहऱ्यावरील व्रणांच्या शस्त्रक्रिया मोफत करीत, आणि त्यांच्या शिबिरांच्या गावांत हे शहर होते. अपघातात अधू होऊन चाकांच्या खुर्चीत बसावे लागले, स्वरयंत्राच्या कर्करोगाने आवाज गेला, तरी त्यांनी हे काम सोडले नाही. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली व 2011 मध्ये त्यांचे निधन झाले. 1956 मध्ये स्थापन झालेल्या ज्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयास सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, त्याच्या ओसरीवर दुभंगलेल्या ओठाचे मूल कडेवर घेऊन आलेल्या आईस अशा शिबिराची बातमी म्हणजे काय असेल, हे निराळे सांगावयास नको. ओठ जोडणे ही कातडी व स्नायू सरकवून सांधण्याची कृती आहे, आणि चलाख हाताचा शल्यविशारद ती तासाभरात करतो. परंतु दुभंग हिरडीच्या हाडापर्यंत गेलेला असेल तर ती फट तशीच राहते, आणि मूल आठ ते अकरा वर्षांचे झाल्यावर, सुळा फुटण्यापूर्वी, त्याच्या कमरेच्या हाडातून मगज काढून तेथे भरावा लागतो. म्हणजे एका जागेच्या दुरुस्तीसाठी दुसऱ्या जागी जखम. अस्थिमज्जेतील किंवा दुधाच्या दातांच्या गरातील मूलपेशी आधारजाळीवर पेरून ही फट भरण्याचे प्रयोग निरनिराळ्या देशांत चालू आहेत, आणि दिशा द्यावयाची ती येथे फक्त हाडाची, तीही लहानशा पोकळीपुरती व चहूबाजूंनी रक्ताचा पुरवठा असलेल्या जागी असल्यामुळे, कंडरा वा कूर्चा यांच्या आधी मूलपेशींचे यश येथेच दिसण्याचा संभव मला अधिक वाटतो.